लयीची कचेरी

दोन हातांनी दोन निरनिराळ्या लयी एकाच वेळी धरून ठेवणे हे काम मनुष्यास असाध्य आहे असे नाही. परंतु ज्यास ते साधते त्याने त्याकरिता तारुण्यातील दहाबारा वर्षे एखाद्या गुरूच्या बैठकीत खर्ची घातलेली असतात, आणि ज्याची ती वर्षे निराळ्याच उद्योगांत खर्ची पडलेली असतात तो हल्ली पॉलिरिदमिक सीक्वेन्सर विकत घेतो. पहिल्या मार्गात द्रव्य बेताचे लागून पाणउतारा मात्र यथास्थित होतो; दुसऱ्या मार्गात पाणउताऱ्याची काही सोयच नाही, आणि कदाचित त्याची भरपाई म्हणूनच द्रव्याचा भुर्दंड इतका जबर बसतो.

माझा भाचा या दुसऱ्या पंथाचा आहे. पुण्यात तो संगणकाच्या कसल्याशा नोकरीत असून, घरभाडे आणि हप्ते भागल्यावर पगारातून जी शिल्लक उरते ती तो मॉड्युलर सिंथेसायझर नामक वाद्याच्या चरणी नियमाने वाहत असतो. हे वाद्य आहे असे सांगितल्यावाचून कोणाच्या लक्षात येत नाही. त्यास तार नाही, कातडे नाही, काळ्यापांढऱ्या पट्ट्या नाहीत, फुंकर घालण्यास जागा नाही. आहे ती एक उभट पेटी, तिच्या दर्शनी भागावर शेजारी शेजारी बसवलेले ॲल्युमिनियमचे पत्रे, प्रत्येक पत्र्यावर नॉब, दिवे आणि छिद्रे, आणि एका छिद्रातून निघून दुसऱ्या छिद्रात शिरणाऱ्या तांबड्या-निळ्या-पिवळ्या वायरींचे असे जंजाळ, की माझ्या भगिनीने ते प्रथम पाहिले तेव्हा विजेचे बिल कोणाच्या नावावर येते याची तिने बारकाईने चौकशी केली.

या वाद्याचा कारभार समजून घ्यावयाचा असेल तर एखादी जुनी सरकारी कचेरी डोळ्यांपुढे आणावी. कचेरीत जसे प्रत्येक खाते स्वतंत्र, प्रत्येकाचा अंमलदार निराळा, आणि एका खात्यातील कागद आपल्या पायांनी चालत दुसऱ्या खात्यात म्हणून कधी जावयाचा नाही, तसेच येथे आहे. फरक एवढाच, की कागदाऐवजी व्होल्ट हिंडतात आणि पट्टेवाल्याचे काम वायर करते. ऑसिलेटर नामक खाते वीज सुरू झाल्या क्षणापासून अहोरात्र स्वर काढीत बसते. तो कोणास हवा आहे की नको याची त्यास फिकीर नसते. फिल्टर त्या स्वरातील काही अंश मंजूर करतो व बाकीचा फेटाळतो. ॲम्प्लिफायर दाराशी बसतो आणि वरून परवानगी आली तरच आवाजास बाहेर सोडतो. यांपैकी कोणीही कोणास ओळखत नाही. वायर जोडली नाही तर हे सारे दप्तर मिळून तोंडातून ब्र काढीत नाही. आणि वायर भलत्या छिद्रात जोडली तर जे निघते ते ऐकून शेजारचे कुत्रे प्रथम उत्तर देते.

या खात्यांचे सध्याचे सर्वमान्य माप १९९५ च्या सुमारास जर्मनीतील डीटर डोएप्फर यांच्या ए-१०० मालिकेबरोबर रूढ झाले. प्रयोगशाळांतील उपकरणांच्या चौकटीवरून घेतलेल्या या मापात मॉड्यूलच्या, म्हणजे एकेका खात्याच्या, पत्र्याची उंची १२८.५ मिलिमीटर असते, आणि रुंदी एचपी नावाच्या एककात मोजतात. एक एचपी म्हणजे ५.०८ मिलिमीटर, अर्थात इंचाचा पाचवा हिस्सा. उंची कायम झाली, रुंदीस मोजमाप मिळाले, कोणत्याही कारखान्याचे मॉड्यूल कोणत्याही पेटीत बसू लागले, आणि त्याच दिवशी रिकामी जागा ही एक व्याधी होऊन बसली. पेटीत चार एचपी जागा मोकळी राहिली म्हणजे भाच्यास स्वस्थता लाभत नाही. ती बुजवण्याकरिता तो एक मॉड्यूल पसंत करतो. ते आठ एचपीचे निघते. ते मावत नाही म्हणून मोठी पेटी येते. आणि मोठ्या पेटीत मावून उरलेल्या जागेकडे पाहत तो पुन्हा उसासे टाकू लागतो. जमीनजुमल्याच्या हव्यासाने बुडालेली घराणी मी पाहिली आहेत, परंतु पाच मिलिमीटरच्या पट्टीने जमीन मोजून बुडणारा मनुष्य पाहण्याचे भाग्य आमच्या पूर्वजांस लाभले नव्हते.

या कचेरीत हुकूम काढणारे जे खाते त्याचे नाव सीक्वेन्सर. त्याच्या अंगावर नॉबांची रांग असते. प्रत्येक नॉब म्हणजे एक स्टेप. क्लॉक नामक खात्याकडून टोला आला की सीक्वेन्सर एक स्टेप पुढे सरकतो, तेथील नॉब जितका पिळलेला असेल तितके व्होल्ट रवाना करतो, आणि ऑसिलेटर विनातक्रार त्या स्वरावर जातो. एक व्होल्ट वाढला म्हणजे स्वर एक सप्तक चढावा, हा या दुनियेत बहुतेक सर्वत्र पाळला जाणारा कायदा आहे. त्या हिशोबाने दोन लगतच्या स्वरांत अंतर पडते ते व्होल्टाच्या बाराव्या हिश्शाचे, आणि म्हणून नॉबास नखाचा धक्का लागला तरी षड्ज कोमल ऋषभाच्या वाटेस लागतो. साध्या सीक्वेन्सराचा कारभार इतकाच: टोला, पाऊल, स्वर, टोला, पाऊल, स्वर, रांग संपली की पुन्हा आरंभापासून. पॉलिरिदमिक सीक्वेन्सरात मात्र एकाच क्लॉकचे टोले अनेक डिव्हायडरांत वाटले जातात. एक डिव्हायडर दर तिसऱ्या टोल्यास जागा होतो, दुसरा दर चौथ्या, तिसरा दर पाचव्या. आणि कोणाच्या हुकमाने कोणती रांग पुढे सरकावी ते वापरणाराने ठरवावयाचे. मूग कंपनीने २०२० मध्ये सबहार्मोनिकॉन नावाचे जे यंत्र विक्रीस आणले त्यात चार-चार स्टेपांचे दोन सीक्वेन्सर आणि एकपासून सोळापर्यंत कोणत्याही आकड्याने टोले भागणारी चार लययंत्रे आहेत. भाच्याच्या पेटीतील मांडणी त्याच जातीची आहे.

ती चालते कशी, हे एका रविवारी दुपारी मी जवळ बसून पाहिले. त्याने पहिला डिव्हायडर तिनावर आणि दुसरा चारावर ठेवून दोघांच्या वायरी पहिल्या सीक्वेन्सराकडे नेल्या. बारा टोल्यांच्या आवर्तनात आता पहिल्या, चौथ्या, पाचव्या, सातव्या, नवव्या आणि दहाव्या टोल्यावर आवाज होऊ लागला. म्हणजे मधली अंतरे झाली ३, १, २, २, १, ३, जी डावीकडून वाचा की उजवीकडून, सारखीच. पण आवाज सहा आणि रांगेत स्वर चारच, त्यामुळे दुसऱ्या आवर्तनाचा आरंभ तिसऱ्या स्वरावर होई, आणि चाल मूळ पदावर येण्यास चोवीस टोले लागत. मग त्याने दुसऱ्या सीक्वेन्सरास पाचांचा डिव्हायडर जोडला. त्याच्या चार स्वरांस वीस टोले लागतात. चोवीस आणि वीस यांची गाठ पडावयाची ती एकशेविसाव्या टोल्यानंतर. सेकंदास चार टोले धरले तर अर्ध्या मिनिटाने.

"मामा, आता ऐका हं. आता येईल," असे म्हणून त्याने बोट वर केले.

आम्ही दोघे अर्धे मिनिट श्वास रोखून बसलो. मग दोन्ही रांगा एकदम मूळ पदावर आल्या, आणि पुढच्याच क्षणी पूर्ववत निरनिराळ्या चालू लागल्या. "आलं?" असे मी विचारले. "गेलंसुद्धा," तो म्हणाला. आणि त्याच्या मुद्रेवर असे काही समाधान होते, की ज्या लसाविच्या गणितांपायी इयत्ता सहावीत याने घर डोक्यावर घेतले होते तोच लसावि आज हप्त्याने विकत घेऊन हा त्याची वाट पाहत बसतो, हे त्यास सांगणे मला प्रशस्त वाटले नाही.

हा नाद भाच्याच्या पिढीने उत्पन्न केलेला आहे असा मात्र कोणी समज करून घेऊ नये. अमेरिकन संगीतकार हेन्री कॉवेल याने १९३० मध्ये प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात असे प्रतिपादन केले, की ज्या प्रमाणांनी स्वर एकमेकांशी जुळतात त्याच प्रमाणांनी लयीही जुळवता येतील. प्रतिपादन निर्दोष होते. वाजवणारा कोणी मिळेना. तेव्हा न्यूयॉर्कमध्ये वास्तव्य करून असलेला रशियन यंत्रज्ञ लिओन थेरेमिन याजकडून त्याने १९३१ मध्ये रिदमिकॉन नावाचे यंत्रच घडवून घेतले. पहिली पट्टी दाबली असता जितक्या अवकाशात एक ठोका पडे तितक्याच अवकाशात दुसरी दोन ठोके देई, तिसरी तीन, आणि याप्रमाणे सोळावी सोळा. आणि ठोक्यांच्याच प्रमाणात स्वरही चढत जाई. फिरत्या तबकड्यांतील भोकांतून प्रकाश प्रकाशविद्युत-घटावर पडे आणि त्यातून हा सारा नाद निघे. १९३२ च्या जानेवारीत न्यूयॉर्कच्या न्यू स्कूलमध्ये त्याचा जाहीर प्रयोग झाला, विद्वानांनी वाखाणणी केली, आणि थोड्याच काळात यंत्र अडगळीत गेले. थेरेमिन १९३८ मध्ये मायदेशी परतला, तेथे सरकारने त्यास कैदेत टाकून कैद्यांच्याच प्रयोगशाळेत कामास लावले, आणि मॉस्कोतील अमेरिकन वकिलास १९४५ मध्ये नजर केलेल्या लाकडी राजमुद्रेत जे चोरून ऐकण्याचे यंत्र दडवलेले होते, आणि जे १९५२ पर्यंत कोणाच्या ध्यानात आले नाही, ते त्याने बनवले. ज्याने जगास सोळा लयी एकदम ऐकवल्या त्याचे कोणी फारसे ऐकले नाही, आणि त्याने पुढे दुसऱ्यांचे ऐकण्याची सोय केली, यात तक्रार करण्यासारखे काही आहे असे मला वाटत नाही.

कॉवेलच्या त्याच ग्रंथाने कॉन्लन नॅनकारो नावाच्या आणखी एका अमेरिकनास वेड लावले. मेक्सिको शहरात वास्तव्य करून हा मनुष्य स्वयंचलित पियानोच्या कागदी गुंडाळ्यांवर अनेक दशके हाताने भोके पाडीत बसला, आणि त्याच्या एका रचनेत दोन लयींचे प्रमाण दोन आणि दोनाचे वर्गमूळ असे आहे. हे प्रमाण पूर्णांकांत बसत नाही, त्यामुळे त्याचा लसाविही निघत नाही. अशा दोन लयी एकदा एकत्र सुटल्या की त्यांची गाठ पुन्हा कल्पांतीही पडावयाची नाही. नॅनकारोच्या तुलनेत माझा भाचा संसारी गृहस्थ ठरतो.

छिद्रे आणि वायरी यांचे प्रकरण १९६० नंतरचे. न्यूयॉर्क संस्थानातील ट्रमन्सबर्ग येथे रॉबर्ट मूग याने संगीतकार हर्बर्ट डॉइच याच्या सल्ल्याने १९६४ मध्ये पहिले मॉड्यूल तयार केले. आणि साधारण त्याच काळात सॅन फ्रान्सिस्कोच्या बाजूस डॉन बुकला याने मॉर्टन सबॉटनिक आणि रॅमोन सेंडर या संगीतकारांसाठी आपले निराळे यंत्र रचले, ज्यात पियानोच्या पट्ट्यांस मुळी थाराच नव्हता, पण सीक्वेन्सर होता. तोपर्यंत या मंडळींस स्वरांची रांग हवी असली तर ध्वनिफितीचे तुकडे कात्रीने कापून एकास एक चिकटवावे लागत. ती कात्री सीक्वेन्सराने थांबवली. आपल्याकडेही हे वारे फार उशिरा आले असे नाही. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत १९६९ मध्ये डेव्हिड ट्यूडर या अमेरिकन संगीतकाराने मूगचे यंत्र उभे करून दिले, आणि त्या खटपटीच्या मुळाशी गीता साराभाई होत्या, ज्यांनी १९४६ मध्ये न्यूयॉर्कला जॉन केज या संगीतकारास हिंदुस्थानी संगीताचे पाठ दिले होते आणि ज्या स्वतः पखवाज वाजवीत. तेथे निघालेल्या ध्वनिफिती सरकारी शिरस्त्याप्रमाणे दप्तरात जाऊन पडल्या, आणि त्यांतील निवडक संगीत लोकांस ऐकावयास मिळण्यास २०२३ साल उजाडावे लागले. मुंबईत चरणजित सिंग यांनी १९८२ मध्ये टीबी-३०३ या सीक्वेन्सरयुक्त यंत्राच्या साथीने दहा राग बसवून ध्वनिमुद्रिका काढली, ती तेव्हा कोणी घेतली नाही आणि पुढे युरोपात तिच्यासाठी उड्या पडल्या. परंतु तेथे लय एकच होती, म्हणून तो दाखला येथे लांबवीत नाही.

आता भाच्याच्या घरी परत यावयाचे. त्याच इमारतीत खालच्या मजल्यावर तबल्याचे एक गुरुजी राहतात. माथ्यावरून येणारे हे ठोके ते कित्येक दिवस ऐकत होते. अखेर एका संध्याकाळी ते जिना चढून वर आले, आणि आता आवाजाबद्दल तक्रार होणार म्हणून भाच्याने नॉबाकडे हात नेला, तोच त्यांनी विचारले, "ते राहू दे. मला एवढंच सांग, याची सम कुठे आहे?"

भाचा म्हणाला, "गुरुजी, याच्यात सम पाहिजे तिथे धरता येते."

"पाहिजे तिथे मिळाली तर तिला सम कोण म्हणेल? सम आधी ठरलेली असते, बाळ. आपण तिथे वेळेवर पोचतो की नाही, एवढाच प्रश्न असतो."

एवढे बोलून गुरुजी सतरंजीवर बसले आणि गुडघ्यावर बोटांनी त्यांनी तिहाई दाखवली: तीनतालाच्या समेपासून पाच मात्रांचा तुकडा, एक मात्रा विराम, पुन्हा तोच तुकडा, पुन्हा विराम, तिसऱ्यांदा तोच तुकडा, तीन पाचे पंधरा, विरामाच्या दोन, एकूण सतरा, आणि सोळा मात्रांच्या तालात सतरावी मात्रा म्हणजेच सम. शेवटचे बोट गुडघ्यावर पडले तेव्हा भाच्याची मान आपोआप खाली गेली. त्याच्या यंत्रापुढे ती कधी तशी गेलेली मी पाहिली नव्हती. मग गुरुजींनी फर्माइश केली, "आता हे दीडपट लावून दाखव."

येथे यंत्राचे पितळ काही अंशी उघडे पडले. या जातीच्या सीक्वेन्सरास गुणाकार येत नाही. त्यास फक्त भागाकार येतो. दीडपट हवी तर क्लॉक आधी जलद करावयाचा, मग एक डिव्हायडर तिनावर आणि दुसरा दोनावर ठेवून दोघांस एकदम सोडावयाचे, म्हणजे एकाचे दोन ठोके पडतात तोवर दुसऱ्याचे तीन होतात आणि ती आड लय साधते. "म्हणजे याला दीडकी शिकवलेलीच नाही," गुरुजी म्हणाले. ज्या पिढीने पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी आणि दीडकी छडीच्या धाकाने मुखोद्गत केली, तिला अपूर्णांक पचवण्यास भागाकाराची पायरी लागत नसे. लयीतही दीडपट ही एक सरळ वस्तू होती, तिनास दोन हा हिशोब नव्हता. याहून वाकड्या लयींपैकी कुआड कशास म्हणावे आणि बिआड कशास, यावर घराण्याघराण्यांत जो कज्जा चालत आला आहे तो अद्याप निकालात निघालेला नाही. यंत्रात मात्र असला तंटा संभवत नाही, कारण आकडा लावला की त्यापुढे अपील नाही.

यंत्राच्या बाजूनेही काही सांगण्यासारखे आहे. ठराविक मात्रांत ठराविक ठोके होता होईल तितक्या समान अंतराने पेरणारे मॉड्यूल हल्ली बहुतेकांच्या पेटीत असते. त्यामागील गणित एका अमेरिकन न्यूट्रॉन-प्रयोगशाळेत यंत्रास स्पंद केव्हा द्यावेत हे ठरवण्याकरिता काढले होते; मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठातील गॉडफ्रीड तूसाँ यांनी २००५ मध्ये दाखवून दिले, की ही रीत म्हणजे युक्लिडने इसवी सनापूर्वी ३०० च्या सुमारास लिहून ठेवलेल्या मसाविच्या रीतीचेच भावंड आहे, आणि तिने जगातील कितीतरी पारंपरिक ताल आपोआप निघतात. आठांत तीन ठोके पेरले की ३-३-२ अशी क्यूबातील नृत्याची लय येते. भाच्याने सातांत तीन पेरून आरंभस्थान फिरवले, तर ३-२-२ असा चक्क रूपकाचा साचा उभा राहिला. दहांत चार पेरले तर झपतालाचा. गुरुजी क्षणभर स्तब्ध झाले, आणि मग म्हणाले, "साचा आला. पण रूपकात पहिली मात्रा खाली असते, हे त्या युक्लिडला ठाऊक होतं का?" ठाऊक नव्हते, हे उघड आहे.

अशी यंत्रे बाळगणाऱ्या मंडळींचा भाच्याच्या घरी अधूनमधून मेळावा भरतो. त्यातील एका मित्राने एके दिवशी चारही डिव्हायडर अनुक्रमे १३, १४, १५ आणि १६ वर लावून दिले. कोणीतरी फोनवर हिशोब केला: चौघांची गाठ २१,८४० टोल्यांनी, म्हणजे सेकंदास चार टोले धरता एक्याण्णव मिनिटांनी. ती सम ऐकण्यास कोणीही थांबले नाही. निम्मे लोक चहास गेले, निम्मे नव्या मॉड्यूलच्या किमतीवर वाद घालू लागले, आणि सम येऊन रिकाम्या खुर्च्यांपुढे हजेरी लावून गेली असावी. त्यापेक्षा मनोरंजक दृश्य तीन, चार आणि पाचांच्या वेळी असते. आपल्याकडील मैफलीत तबल्याची उठान सुरू झाली की शंभर माना एका समेवर येतात. येथे एकाची मान तिनांत हलत असते, दुसऱ्याची चारांत, तिसऱ्याची पाचांत, आणि तिघेही बरोबर असतात. टाळी केव्हा वाजवावी हे कोणास कळत नाही. वाजवणारासही केव्हा थांबावे हे कळत नाही, कारण तो वाजवीत नसतोच. तो शेजारी उभा राहून एखादा नॉब तिळभर फिरवतो, मागे सरतो, आणि कानांवर हात न ठेवता कान देऊन ऐकणाऱ्या मोजक्या लोकांकडे आशेने पाहतो. अखेरीस भूक लागल्यावर वायरी उपटल्या जातात. उपटण्यापूर्वी प्रत्येक जण आपल्या फोनवर त्या जंजाळाचे छायाचित्र काढून ठेवतो, म्हणजे तोच मेळ पुन्हा जमवता यावा. परंतु छायाचित्रात वायर कोठून कोठे गेली ते जेमतेम दिसते, नॉब किती पिळला होता ते दिसत नाही. त्यामुळे भाच्याच्या फोनात छायाचित्रे पुष्कळ आहेत आणि आरंभापासून शेवटापर्यंत पुरी झालेली रचना एकही नाही.

पुरी झालेली पहिली रचना गुरुजींनी करून दिली. त्या संध्याकाळी तिहाई, दीडपट आणि युक्लिड या साऱ्यांचा समाचार घेऊन झाल्यावर त्यांनी त्या तीन-चार-पाचांच्या मेळाकडे पुन्हा लक्ष वळवले, हातावर तीनताल धरला, आणि विचारले, "या सगळ्यांना दर सोळाव्या मात्रेनंतर परत पहिल्यावर आणता येईल का?" येते. त्याकरिता रीसेट नावाचे एक छिद्र बहुतेक सीक्वेन्सरांस व डिव्हायडरांस असते. त्यात एक टोला गेला की ज्याची जी पाळी चालू असेल ती रद्द होऊन सर्वांस पहिल्या जागी हजर व्हावे लागते. भाच्याने आजवर त्या छिद्रास हात लावला नव्हता, कारण लयींस मोकळे सोडणे हाच त्याच्या मते या यंत्राचा धर्म. त्याने सोळांनी भागणारी वायर तेथे जोडली. मला वाटले, आता चाल मध्येच तुटणार. ती तुटली नाही. सोळा मात्रांत तीन आणि चार मिळून आवाज पडतात ते पहिल्या, चौथ्या, पाचव्या, सातव्या, नवव्या, दहाव्या, तेराव्या आणि सोळाव्या मात्रेवर, म्हणजे बरोबर आठ. चार स्वरांची रांग नेमकी दोनदा पुरी होते. पाचांचे पडतात ते पहिल्या, सहाव्या, अकराव्या आणि सोळाव्यावर, म्हणजे चार. दुसरी रांग नेमकी एकदा. सोळाव्या मात्रेवर तीन आणि पाच अकस्मात एकत्र येतात, आणि कोणास सावरण्याची उसंत मिळण्यापूर्वीच लगेच समेवर सगळे मिळून पडतात.

तिसऱ्या आवर्तनास आम्हा तिघांच्या माना एकदम खाली गेल्या. गुरुजी म्हणाले, "आता हे गाणं झालं," आणि खाली त्यांचे विद्यार्थी केव्हाचे येऊन बसले आहेत हे आठवून लगबगीने उठले. पुढे त्यातलेच दोन विद्यार्थी वर येऊ लागले आहेत, आणि त्याबद्दल गुरुजींचे काय मत आहे ते मी अजून विचारलेले नाही.

यावरून माझा निर्णय असा. या यंत्रात मोजण्याची शक्ती अपार आहे. ते तिनास तेरा धरील, न थकता रात्रभर धरील, आणि एकाही मात्रेची अफरातफर करणार नाही. पण कोठे पोचावयाचे हे त्यास कधीही कळणार नाही, कारण पोचण्यास उशीर होईल ही धास्ती त्यास नाही. आणि ज्यास चुकण्याचे भय नाही त्याच्या समेवर कोणी वाहवा म्हणत नाही. म्हणून या सबंध पेटीतील सर्वांत मोलाचे छिद्र रीसेटचे. त्यात वायर केव्हा घालावी हे ज्यास उमगले तो वाजवणारा. बाकीचे सारे मालक.

ज्या वाचकांस हे यंत्र घेण्याचा मोह होत असेल त्यांस माझी विनंती आहे. आधी एखाद्या टेबलाशी बसावे, मनात एक ते सहा आकडे सारख्या लयीत मोजावे, उजवा हात पहिल्या, तिसऱ्या व पाचव्या आकड्यास टेबलावर पाडावा, आणि डावा पहिल्या व चौथ्या आकड्यास. याचेच नाव दोनास तीन, आणि त्यास एक पैसाही पडत नाही. हे न अडखळता पाच मिनिटे चालवता आले, आणि सहाच्या पुढचा पहिला आकडा येताना काही बरे वाटले, तर यंत्र खुशाल घ्यावे. तोपर्यंत पैसे बँकेत राहू द्यावे.